बुधवारची गोळी

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात मंगल घाडी पडली, ती गिऱ्हाइकाला अळसांदे, म्हणजे गावठी चवळी, मापून देताना. पायाखाली केळ्याचं साल नव्हतं, पाणी सांडलेलं नव्हतं, कुणी धक्काही दिला नव्हता. माप भरून ती उभी राहिली, गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे वळली आणि तिच्या उजव्या मांडीत सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो तिने स्पष्ट ऐकला. मग पाय तिचा राहिला नाही, आणि ती सांडलेल्या अळसांद्यांवर आडवी झाली.

शेजारच्या मिरचीवाल्या बायका धावल्या. कुणी डोक्याखाली पोतं सारलं, कुणी पाणी पाजलं. लाटंबार्स्याच्या घरून तिचा नवरा बाबली येईपर्यंत आणि पुढे म्हापशाच्या इस्पितळात नेईपर्यंत जो तो एकच विचारत होता, कशी पडलीस? मंगल प्रत्येकाला तेच उत्तर देत होती.

"पडून हाड मोडूक नाय. आदी हाड मोडला, मागीर मी पडलंय."

कुणी ते मनावर घेतलं नाही. परिचारिकेने बाजारात घसरून पडल्याचं लिहून घेतलं. बाबलीनेही तेच धरून ठेवलं. त्याने उमेदीची सगळी वर्षं खाणीच्या मालाचा ट्रक चालवला होता, आणि गाडी आधी आदळते, मग तिचा पाटा मोडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुखण्यात माणूस काहीही बोलतं, असं तो मुलाला, दीपकला, हळूच म्हणाला. मंगलने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पासष्टीची ही बाई फार बोलणारी नव्हती, पण जे बोलायची ते खरं असायचं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही की तिला लागायचं.

हाडांचे डॉक्टर श्रीनाथ केंकरे संध्याकाळी आले. किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस. एक्स-रे नातेवाइकांना न दाखवता आधी पेशंटला दाखवायची त्यांची सवय होती. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि मंगलच्या खाटेजवळ वाकले. मांडीचं हाड मधोमध, कोयत्याने ऊस तोडावा तसं आडवं तुटलं होतं. पडून मोडलेलं हाड असं दिसत नाही, ते म्हणाले. ते तिरकं मोडतं, त्याच्या चिरफळ्या होतात.

"तुम्ही उभ्या होता तेव्हाच हे मोडलं, मावशी. पडलात त्यानंतर. बरोबर?"

मंगलने मान हलवली. तिने बाबलीकडे पाहिलंही नाही. त्याला ते अधिक झोंबलं.

मग डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. मांडी आधी दुखत होती का? दिवाळीपासून दुखत होती. गावातल्या डॉक्टरने गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला आला, म्हणून रोज तेल लावून शेक घेत होती. हाडांसाठी काही गोळी चालू होती का? होती. आठवड्यातून एक. किती वर्षं? मंगल हिशेब करू लागली. विहिरीवर पाय घसरून मनगट मोडलं होतं, तेव्हा नातवाचं बारसं व्हायचं होतं. नातू आता पाचवीत होता.

ही गोळी मंगलने जितक्या निष्ठेने घेतली तितक्या निष्ठेने आसपासच्या चार गावांत कुणी घेतली नसेल. मनगट मोडलं तेव्हा डिचोलीच्या एका डॉक्टरने हाडं पोकळ झाल्याचं सांगून ती लिहून दिली होती. उपाशीपोटी घ्यायची, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मंगलने बुधवार धरला. बुधवारी बाजारासाठी पहाटे उठायचंच असायचं, टोपल्या भरताना, बसथांब्यावर, बसमध्ये ती उभीच असायची. गोळीचा नियम आपोआप पाळला जायचा. गणपतीची चवथ असो, घरात सुतक असो, बुधवारची गोळी चुकली नाही. लिहून देणारा डॉक्टर मधल्या काळात दवाखाना बंद करून मुलाकडे परदेशी गेला. औषधाच्या दुकानदाराला रिकामं पाकीट दाखवलं की तो भरलेलं द्यायचा. ही गोळी कधी बंद करायची असते, असं त्या डॉक्टरने सांगितलं होतं की नव्हतं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. बाबली म्हणाला, नव्हतं सांगितलं. मंगल म्हणाली, मला तर नाहीच, तुम्हाला काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक.

केंकऱ्यांनी समजावून सांगितलं. हाड आतल्या आत सतत कुरतडलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. म्हातारपणी कुरतडणं वाढतं, भरणं कमी पडतं. गोळी कुरतडणं थांबवते. बहुतेकांचं त्याने भलंच होतं, मोडणारी हाडं वाचतात. पण गोळी फार वर्षं चालली तर कुणाकुणाच्या हाडाची डागडुजीही थांबते. जुनं हाड तसंच राहतं, त्यात बारीक चिरा पडतात, त्या भरत नाहीत, आणि एक दिवस ते उभ्या-उभ्या मोडतं. असं क्वचित होतं. तुमचं झालं.

हे सगळं मंगलला एका दमात कळलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मांडीत वरपासून खालपर्यंत सळई घातली, चौथ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, आणि त्या सगळ्या काळात तिच्या मनात एवढंच होतं, की जी गोळी हाडासाठी आपण इतकी वर्षं नेमाने घेतली, तिनेच हाड खाल्लं.

घरी आल्यावर ती ते बोलू लागली. एरवी न बोलणारी बाई बोलायला लागली की लोक कान देऊन ऐकतात. बघायला येणाऱ्या प्रत्येकीला तिने ते सांगितलं. समोरच्या वाडीवरच्या दोघी-तिघी हाडांसाठी काहीबाही घेत होत्या, त्यांनी घरी जाऊन पाकिटं केरात टाकली. आणि मंगलने पेडण्याला फोन लावला.

पेडण्याला तिची थोरली बहीण राहायची, सरस्वती. मोप्याच्या पठाराखालच्या एका वाडीत तिचं घर होतं. मुलगा विशाल पठारावरच्या विमानतळावर सामानाच्या गाड्यांवर होता. दीपकला तिथे बस चालवायचं काम त्यानेच लावून दिलं होतं. सरस्वतीला गेल्या वर्षी कंबर धरली, तपासणीत हाडं पोकळ निघाली, आणि तीच गोळी तिलाही लिहून मिळाली. ती घ्यायला सरस्वती तयार नव्हती. तेव्हा मंगलने फोनवर तिची कानउघाडणी केली होती, मी इतकी वर्षं घेतेय, मला काय झालं? त्यानंतर सरस्वतीने ती सुरू केली होती. आता मंगलनेच फोन करून सांगितलं, ती गोळी टाकून दे.

"डॉक्टराक इचारू?" सरस्वतीने विचारलं.

"डॉक्टरानच दिली ना?" मंगल म्हणाली.

तेवढ्यावर ते संपलं.

काजूचा हंगाम त्या वर्षी मंगलशिवाय गेला. बाबली एकटा डोंगरावर जाऊन बोंडू गोळा करायचा, बिया सुटवायचा, दुपारी येऊन पेज करायचा. ती बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, खुर्चीवर बसून त्याला सांगायची, मीठ किती, कोकम किती. सून सुविधा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला होती. ती सकाळी सासूला आंघोळ घालून जायची. कुणाचं कुणावाचून अडलं नाही. पण पाय जमिनीला लागला की मांडी खोलवर ठणकायची, आणि हा ठणका आषाढ सरत आला तरी कमी होईना.

पुन्हा म्हापशाला गेले तेव्हा केंकऱ्यांनी नवा एक्स-रे बराच वेळ पाहिला. सळई जागच्या जागी होती. हाडाची दोन टोकं मात्र मार्चमध्ये होती तशीच समोरासमोर उभी होती. मध्ये धुक्यासारखं काहीतरी दिसायला हवं होतं, नवं हाड धरत असल्याची खूण. ते नव्हतं. त्यांनी डाव्या मांडीचाही एक्स-रे काढला होता. त्यात बाहेरच्या कडेला, उजवी मोडली त्याच उंचीवर, केसासारखी एक रेघ होती. गोळी बंद होऊन चार महिने झाले होते, पण इतक्या वर्षांचा तिचा अंमल असा लगेच उतरत नाही, ते म्हणाले.

मग त्यांनी इंजेक्शनाची गोष्ट काढली. रोज एक, पोटाच्या चरबीत, मधुमेहाचे लोक घेतात तसल्या पेनातून. हेही हाडं पोकळ झालेल्यांसाठीचंच औषध. पण गोळी कुरतडणं थांबवते, आणि हे नवं हाड भरायला लावतं. ऑपरेशननंतर न जुळणारी हाडं याने जुळायला मदत होते, असा त्यांचा आणि इतर काही डॉक्टरांचा अनुभव होता.

मंगलने त्यांचं पुरतं ऐकलं. "म्हणजे हाडांचाच औषध," ती म्हणाली.

"हो."

"नको माका."

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा समजावलं. तिने दुसऱ्यांदा नको म्हटलं. परतीच्या वाटेवर बाबलीने गाडीत विषय काढला, तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी सुविधाने आपल्या परीने सांगून पाहिलं. दीपकने मोबाइलवर त्या औषधाची माहिती काढून वाचून दाखवली. मंगल म्हणाली, त्या गोळीचीही माहिती अशीच चांगली छापली असेल. दीपकने मोबाइल खिशात घातला. आणखी काही दिवसांनी सगळ्यांनी नाद सोडला. ती वॉकर घेऊन चुलीपासून बाल्कांवापर्यंत आणि बाल्कांवापासून खाटेपर्यंत जायची, आणि आता डावी मांडीही अधूनमधून दुखू लागली होती हे कुणालाच सांगत नव्हती.

श्रावणात पेडण्याहून विशालचा फोन आला. आईला घेऊन तो स्कूटरवरून बाजाराला चालला होता. विमानतळाच्या रस्त्यावर नवा गतिरोधक केलेला त्याला दिसला नाही. स्कूटर पडली नाही, तोही पडला नाही. मागे बसलेली सरस्वती फक्त उडून पुन्हा सीटवर बसली. पण बसताच तिच्या तोंडून आवाज निघाला, तो विशालने याआधी कधी ऐकला नव्हता. पाठीचे दोन मणके दबले होते. चार दिवस दवाखान्यात ठेवून, पट्टा बांधून तिला घरी आणली होती.

मंगलने फोन खाली ठेवला. मग तिने दीपकला रविवारी सुट्टी आहे का विचारलं.

रविवारी तो तिला घेऊन पेडण्याला गेला. लाटंबार्स्याहून तिथे जायचं म्हणजे मोडक्या मांडीने खड्ड्यांतून तास-दीड तास. मंगल सीटच्या कडेला घट्ट धरून होती आणि दीपक प्रत्येक गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबवत होता. सरस्वतीच्या अंगणात उतरून वॉकरने पायऱ्या चढेपर्यंत तिला घाम फुटला.

सरस्वती खाटेवर उताणी पडली होती. कमरेपासून छातीपर्यंत पट्टा. बहिणीला पाहून ती उठायला गेली आणि उठता येत नाही हे लक्षात येऊन हसली. मंगलला खुर्ची दिली. सुनेने चहा आणि उंडे पाव आणून ठेवले. दोघी आधी पायाबद्दल आणि पाठीबद्दल बोलल्या, मग माहेरच्या कुणाकुणाबद्दल. दीपक आणि विशाल बाहेर गेल्यावर मंगलने विचारलं.

"गोळी टाकलंस ती कधी?"

"तू सांगलंस त्याच आठवड्यात."

चहा निवत चालला होता. सरस्वतीने छताकडे बघत पुढचं सांगितलं.

"तुझ्या सांगण्यार मी कधी चाललंय? माका ती पोटाक सोसतच नाय होती. घेतली की दिवसभर आंबट पाणी. तू सांगलंस, माका निमित्त गावला."

हे खरं होतं की बहिणीच्या मनावरचं ओझं उतरवायला ती बोलत होती, हे मंगलला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. सरस्वती लहानपणापासून अशीच होती. आपल्या हातून फुटलेली घागर मांजरावर घालायची आणि मंगलने फोडलेली स्वतःवर घ्यायची. त्यामुळे तिच्या बोलण्यातलं खरं-खोटं पारखणं मंगलला कधी जमलंच नव्हतं.

आणखी दोन दिवसांनी मंगल आपणहून म्हापशाला गेली. आधी तिने स्वतःच्या पायाबद्दल विचारलंच नाही. तिने बहिणीचं सगळं सांगितलं, आणि विचारलं, गोळी चालू असती तर तिचे मणके वाचले असते का?

सरस्वतीने गोळी किती दिवस घेतली होती, आधी काही मोडलं होतं का, वय किती, हे केंकऱ्यांनी आधी विचारून घेतलं.

"वाचले असते असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "इतक्या पोकळ हाडाला एक गतिरोधक पुरतो. पण बंद करायला नको होती. तुमची गोळी नको तेवढी लांबली. त्यांची तर जेमतेम सुरू झाली होती. पोटाला सोसत नव्हती तर दुसरं काही देता आलं असतं."

"मी सांगलंय तिका बंद कर म्हणून."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी तिला दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. टेबलावरची काचेची गोटी उगाच इकडून तिकडे केली. मंगलला ते बरं वाटलं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. त्या इंजेक्शनाने तिचं हाड नक्की जुळेल का?

"माहीत नाही," केंकरे म्हणाले. "खोक्यावर हे औषध हाडं पोकळ झालेल्यांसाठी आहे असं लिहिलंय. ऑपरेशननंतर हाड जुळवायला म्हणून लिहिलेलं नाही. आम्ही देतो. बऱ्याच जणांना फायदा झालेला मी पाहिलाय. दोघांना काहीच झाला नाही, तेही पाहिलंय."

इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरने तिला माहीत नाही असं सांगितलं नव्हतं. गोळी देणाऱ्याने तर हसत हसत सांगितलं होतं की आता तुमची हाडं लोखंडासारखी होतील. मंगलने वॉकरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"कधी थांबाचा, ता आदी सांगा," ती म्हणाली. "मागीर सुरू करूया."

डॉक्टरांनी सांगितलं. सहा महिन्यांनी एक्स-रे. काहीच फरक नसेल तर तिथेच बंद. फरक असेल तर पुढे चालू, पण काहीही झालं तरी दोन वर्षांच्या वर नाही, ती या औषधाची हद्द. थांबवल्यावर मिळवलेलं हाड टिकवायला काय द्यायचं, ते तेव्हाच्या तपासण्या बघून ठरवू, आणि तेव्हाही कधी थांबायचं ते आधी सांगू. हे त्यांनी बाबलीला सांगितलं नाही, तिला सांगितलं. बाबली शेजारीच बसला होता. त्याने तिच्या परवानगीशिवाय एकदाही मान हलवली नाही.

औषध थंड ठेवायचं होतं. म्हापशाहून ते आणायला बाबलीने मासळी आणायचा बर्फाचा डबा काढला. सुविधाने तो तीनदा घासला तरी वास गेला नाही. शेवटी पेन प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून त्यात आलं. टोचायचं कोणी यावर घरात थोडी चर्चा झाली. सुविधाची पाळी बदलती, दीपक मोप्याला. बाबलीने हात पुढे करून दाखवले, ते दोन्ही थरथरत होते. ट्रकचं चाक इतकी वर्षं धरलेले हात एका बारीक सुईला घाबरले, याचं मंगलला हसू आलं. ती म्हणाली, मीच टोचेन.

पहिल्या दिवशी तिने सुईकडे बघत राहून पेज थंड करून घेतली. मग एकदम टोचलं. सुई लागलीसुद्धा नाही, पण थोड्या वेळाने उठायला गेली तर घर फिरलं. तिने खांब धरला. हे होईल असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने रात्री जेवून, खाटेवर बसून टोचायला सुरुवात केली. पायात गोळे यायचे. एक-दोनदा उलटी झाली. डावी मांडी दुखते हेही तिने आता डॉक्टरांना सांगून टाकलं, आणि ते ऐकून डॉक्टरांनी डाव्या पायावर भार टाकायला बंदी केली. आता दोन्ही पाय जपायचे म्हटल्यावर ती बराचसा दिवस बसूनच काढू लागली.

चवथीला घर भरलं. बाबलीने गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली, ती चार कोनांत चार दिशांना वाकडी झाली. मंगलने खुर्चीवरून बोट दाखवून ती दोनदा सोडून बांधून घेतली. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाली, पुन्हा हाडांचं औषध घेतेस, भीती नाही वाटत? वाटते, मंगल म्हणाली. समोरच्या वाडीवरच्या ज्या बायकांनी तिच्या सांगण्यावरून गोळ्या टाकल्या होत्या, त्यांना तिने एकेक करून घरी बोलावलं आणि सांगितलं, मी सांगितलं ते माझ्यापुरतं होतं, तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा. दोघी गेल्या. तिसरी म्हणाली, आता तू काहीही म्हण, मी नाही घेणार. मंगलने तिची पाठ सोडली नाही. सोमवारी, गुरुवारी, सुविधाला पाठवून, बाबलीला पाठवून ती निरोप देत राहिली. त्या बाईने शेवटी दरवाजा उघडायचं बंद केलं.

सरस्वतीच्या डॉक्टरने तिलाही हेच इंजेक्शन दिलं. दबलेल्या मणक्यांसाठी तर ते लिहिलेलंच आहे. त्यामुळे दोघी बहिणी रोज रात्री जेवल्यावर फोन लावायच्या. टोचलंस? टोचलंय. गोळे? आज नाय. एवढं झालं की मग घरातल्या गोष्टी. पूर्वी चवथीला आणि होळीच्या शिगम्याला काय त्या बोलायच्या.

शिगम्याच्या तोंडावर एक्स-रे काढला. केंकऱ्यांनी तो उजेडासमोर धरला, आणि या वेळी सरळ तिच्या हातात दिला. उजव्या मांडीत, सळईच्या दोन्ही बाजूंनी, दोन टोकांच्या मध्ये पांढरट ढग उतरला होता. आतल्या कडेला तो टोकांना चिकटला होता, बाहेरच्या कडेला अजून थोडी फट होती. मंगलने विचारलं, हे औषधाने झालं की आपोआप झालं असतं? डॉक्टर म्हणाले, ते सांगता येणार नाही. जुळतंय, एवढं सांगता येतं.

डाव्या मांडीतली रेघ मात्र होती तिथेच होती. वाढली नव्हती, पुसलीही गेली नव्हती. दुखत होती. डॉक्टरांनी सुचवलं की मोडायची वाट न बघता याही पायात सळई घालून टाकू. मोडलेल्या हाडात घालण्यापेक्षा धड हाडात घालणं सोपं. बाबलीने एक धीट गोष्ट केली. त्याने तिच्या आधी तोंड उघडलं. म्हणाला, तिने अजून किती सोसायचं? पण मंगलने ऑपरेशनला हो म्हटलं. उभ्या-उभ्या हाड मोडल्याचा आवाज तिने एकदा ऐकला होता, तो पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती.

ते ऑपरेशन काजूच्या हंगामात झालं. इंजेक्शन चालूच होतं. डावा पाय लवकर सावरला. उजवा थोडा आखूड झाला होता, तो तसाच राहिला. चांभाराकडून चपलेचा एक तळवा जाड करून घेतला, तरी चालताना ती उजवीकडे किंचित झुकायची. वॉकर गेला, काठी आली.

काठी आल्यावर तिने पहिला प्रवास केला तो पेडण्याचा. या वेळी दीपकची गाडी नव्हती. ती आणि बाबली दोन बसा बदलून गेली. सरस्वती दारात उभी होती. पट्टा निघाला होता, ती घरात फिरत होती, पण पाठीला पोक आलं होतं. दोघी मिठी मारण्यातल्या नव्हत्या. सरस्वतीने तिच्या चपलेकडे पाहिलं, मंगलने तिच्या पाठीकडे. मग आत गेल्या.

दुपारी जेवणाला सरस्वतीला मिठातल्या कैऱ्यांची बरणी हवी होती. ती फळीवर होती. तिने चवड्यांवर उभं राहून हात वर केला, बोटं बरणीच्या बुडाला लागून परत आली. पुन्हा एकदा करून पाहिलं. ही फळी तिने स्वतःच्या उंचीला बसवून घेतली होती. माहेरी असताना उंचावरचं काहीही काढायचं तर सरस्वतीला हाक जायची, आणि मंगल खाली टोपली धरून उभी राहायची.

"विशालाक सांगतंय," सरस्वती म्हणाली. "फळी खाली घेवक व्हयी."

मंगलने काठी भिंतीला टेकवली. डाव्या पायावर भार टाकला, हात वर केला. बरणी तिच्या हाताला सहज आली. तिने ती दोन्ही हातांनी खाली घेतली, झाकणावरचं फडकं सोडलं आणि वास घेऊन पाहिला.

"मीठ कमी घातलंस," ती म्हणाली.

"डॉक्टरान सांगला," सरस्वती म्हणाली, आणि ताटं घ्यायला वळली.